नासागुहा : रचना, कार्य आणि संसर्गाच्या वाटा

करोनाच्या दुसऱ्या लाटेत, मे २०२१ मध्ये, म्युकरमायकोसिसच्या वाढत्या रुग्णांमुळे केंद्र सरकारने हा आजार साथरोग अधिनियम, १८९७ अन्वये अधिसूचित करण्याची सूचना राज्यांना केली. देशातील बहुसंख्य रुग्णांमध्ये हा संसर्ग नाकात सुरू होऊन डोळ्याकडे आणि काही वेळा मेंदूपर्यंत पोहोचला. तो इतक्या लवकर तेथवर का जातो, याचे उत्तर नासागुहेच्या रचनेत आहे.

नाकपुड्यांपासून घशाच्या वरच्या भागापर्यंत पसरलेली ही पोकळी कूर्चा व अस्थींनी बनलेल्या उभ्या पडद्याने, म्हणजे नासापटलाने, दुभागलेली असते. तिचा तळ म्हणजेच तोंडातील टाळू. प्रत्येक बाजूच्या बाह्य भिंतीवर शिंपल्यासारखी वळलेली तीन हाडे असतात. त्यांना शुक्तिका किंवा टर्बिनेट म्हणतात. त्यांच्यामुळे अंतस्त्वचेचे क्षेत्रफळ वाढते आणि आत येणारी हवा भोवरे घेत ओलसर पृष्ठभागाला घासून जाते. फुप्फुसाकडे निघालेली हवा नाकातच बरीचशी उबदार व दमट होते. शुक्तिकांवरील रक्तवाहिन्या काही तासांच्या अंतराने आळीपाळीने फुगत असल्याने एक नाकपुडी अधिक मोकळी, तर दुसरी काहीशी बंद वाटते. हा आजार नव्हे.

धूळ व जंतू श्लेष्मल थरात अडकतात. त्याखालील सूक्ष्म रोमके हा थर सतत घशाकडे ढकलतात. तो नकळत गिळला जातो आणि त्यातील बहुतेक जंतू जठरातील आम्लात नष्ट होतात.

गंधाचे ज्ञान मात्र छताजवळच्या लहानशा पट्ट्यात होते. तेथील चेतापेशींचे तंतू चाळणीसारखी छिद्रे असलेल्या पातळ अस्थीतून थेट मेंदूकडे जातात. गंधग्राहकांच्या जनुकांचा शोध लावणारे रिचर्ड अ‍ॅक्सेल आणि लिंडा बक यांना २००४ चे नोबेल पारितोषिक मिळाले. जेवणाची चव म्हणून आपण जे ओळखतो, त्याचा मोठा भाग घशामागून नाकात चढणारा गंधच असतो. सर्दीत आमटी बेचव लागते ती यामुळे. करोनात गंध हरपण्यामागे प्रामुख्याने या चेतापेशींना आधार देणाऱ्या पेशींना झालेली इजा होती. त्या पुन्हा निर्माण होत असल्याने बहुतेकांची गंधसंवेदना परतली.

नासागुहेभोवती सायनस नावाच्या हवेने भरलेल्या पोकळ्यांच्या चार जोड्या आहेत. त्यांपैकी गालातील सर्वांत मोठी. तिचे छिद्र तळाशी नसून वरच्या बाजूस असते, त्यामुळे स्राव केवळ उताराने बाहेर पडत नाही. रोमकांना तो वर ढकलावा लागतो. सर्दीत छिद्र सुजले की स्राव साचतो. वरच्या दाढांची मुळे याच पोकळीला लागून असल्याने सायनसचे दुखणे अनेकदा दातदुखी समजले जाते. डोळा आणि नाकाच्या बाजूची सायनस यांमधील हाड तर कागदाइतके पातळ असते.

म्युकरमायकोसिसची बुरशी रक्तवाहिन्यांत शिरते, रक्तपुरवठा तोडते आणि ऊती मृत होतात. ‘काळी बुरशी’ या नावातला काळेपणा त्या मृत ऊतींचा आहे, बुरशीचा नव्हे. अनियंत्रित मधुमेह आणि स्टेरॉइडचा अनाठायी वापर ही प्रमुख कारणे. नाकातून काळसर स्राव, गाल बधिर होणे, वरचे दात हलणे, डोळ्याला सूज किंवा दुहेरी दिसणे ही लक्षणे दिसल्यास त्याच दिवशी कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे जाणे आवश्यक ठरते. मृत भाग शस्त्रक्रियेने काढणे आणि अ‍ॅम्फोटेरिसिन-बी हे औषध, असा दुहेरी उपचार केला जातो.

घोळणा फुटणे ही त्यामानाने किरकोळ, पण नित्याची तक्रार. नासापटलाच्या पुढील भागात अनेक रक्तवाहिन्यांचे जाळे पातळ त्वचेखाली एकवटलेले असते. कोरड्या हवेत किंवा नाक कोरल्याने तेथून रक्त येते. मान मागे टाकण्याची रूढ पद्धत चुकीची आहे, कारण रक्त घशात उतरते. किंचित पुढे वाकून, तोंडाने श्वास घेत, नाकाचा मऊ भाग दहा ते पंधरा मिनिटे सलग चिमटीत धरावा. त्यानंतरही रक्त न थांबल्यास रुग्णालय गाठावे.