पाव थेंब पेट्रोल

१९५३ आणि १९५४ अशी सलग दोन वर्षं इंडियानापोलिस ५०० ही अमेरिकेतली मोठी शर्यत बिल व्हुकोविचने जिंकली. त्याच्या गाडीचं नाव होतं ‘फ्युएल इंजेक्शन स्पेशल’. गाडीत कार्ब्युरेटर नाही, पंपाने थेट पेट्रोल सोडलं जातं, ही गोष्ट तेव्हा इतकी नवलाची होती की तीच गाडीचं नाव झाली. ही गाडी बनली कर्टिस क्राफ्ट कंपनीत, कॅलिफोर्नियात.

याच कर्टिस क्राफ्टमध्ये आर्ट इंगल्स नावाचा एक कारागीर काम करायचा. १९५६ साली त्याने फावल्या वेळात लोखंडी नळ्या जोडून एक बुटकी गाडी केली आणि तिला गवत कापायच्या यंत्रासाठी बनलेलं वेस्ट बेंड कंपनीचं टू-स्ट्रोक इंजिन लावलं. हाच जगातला पहिला गो-कार्ट मानला जातो.

म्हणजे इंजेक्शनची गाजलेली गाडी जिथे बनली, तिथल्याच माणसाने गो-कार्ट जन्माला घातला. पण त्याच्या इंजिनावर बसला साधा कार्ब्युरेटर. आज सत्तर वर्षं होत आली, तरी शर्यतीच्या बहुतेक कार्टवर तोच आहे. कोल्हापूरच्या मोहिते ट्रॅकवर देशपातळीवरच्या कार्टिंग शर्यती झाल्या, त्यात रोटॅक्स मॅक्स हे १२५ सीसीचं इंजिन धावलं. १९९७ साली आलेल्या या इंजिनावरही डेलॉर्टोचा कार्ब्युरेटरच आहे. असं का, हा प्रश्न मला बरेच दिवस छळत होता.

आधी थोडं गणित

व्हुकोविचच्या गाडीतली इंजेक्शनची पद्धत स्टुअर्ट हिलबॉर्न या माणसाची. तो कॅलिफोर्नियातल्या कोरड्या तलावांच्या सपाट मैदानांवर गाड्या पळवायचा. १९४८ साली त्याच्या इंजेक्शनवर त्याच्या गाडीने तिथे ताशी १५० मैलांचा टप्पा ओलांडला. मग हीच यंत्रणा तो इतरांना विकू लागला. जुन्या इंजिनावरचा कार्ब्युरेटर काढायचा आणि बाहेरून आणलेलं इंजेक्शन बसवायचं, हा धंदा तिथून रुजला.

हिलबॉर्नची पद्धत सोपी होती. इंजिनच एक पंप फिरवतं. इंजिन दुप्पट वेगाने फिरलं की पेट्रोलही दुप्पट येतं. पाय किती दाबलाय त्यानुसार एक झडप जास्तीचं पेट्रोल टाकीत परत पाठवते. हवा किती आत गेली, हे इथे कुणीच मोजत नाही. वेग वाढला म्हणजे हवाही तेवढीच वाढली असेल, असं गृहीत धरलेलं असतं.

मोठ्या चार सिलिंडरच्या फोर-स्ट्रोक इंजिनात हे गृहीतक बऱ्यापैकी चालतं. कार्टच्या इंजिनात ते कोसळतं. शर्यतीच्या टू-स्ट्रोकला जो फुगीर सायलेन्सर असतो, त्यातून दाबाच्या लाटा परत येतात आणि ठरावीक वेगाला बाहेर निसटलेलं मिश्रण पुन्हा सिलिंडरमध्ये ढकलतात. म्हणून हे इंजिन एका टप्प्यापर्यंत मरगळलेलं असतं आणि मग एकदम उसळतं. त्याची हवेची भूक सरळ रेषेत वाढत नाही. सरळ रेषेत वाढणारा पंप त्याला एका वेगाला उपाशी ठेवणार, दुसऱ्या वेगाला बुडवणार.

दुसरी अडचण मापाची. १०० सीसीचं इंजिन मिनिटाला १०,००० फेरे घेतंय असं समजा. एका फेरीला सहा मिलिसेकंद मिळतात. आत येणारी हवा साधारण ०.१२ ग्रॅम, म्हणजे तिला लागणारं पेट्रोल जेमतेम नऊ मिलिग्रॅम. औषधाच्या ड्रॉपरमधून पडणाऱ्या थेंबाचा हा साधारण पाव भाग. पाव थेंब, सेकंदाला १६६ वेळा, न चुकता. त्यात अनेक कार्टना बॅटरी नसते, ठिणगी मॅग्नेटोवर पडते. पंपाला जास्तीची जागा नाही, जास्तीचं वजन परवडत नाही.

कार्टच्या कार्ब्युरेटरने यातलं बरंच फुकटात सोडवलं. १९५९ साली मॅककलक कंपनीने खास कार्टसाठी एमसी-१० हे इंजिन आणलं, ते लाकूड कापायच्या चेनसॉवर बेतलेलं होतं. चेनसॉ आडवा-तिरपा कसाही धरावा लागतो, म्हणून त्याच्या कार्ब्युरेटरमध्ये पेट्रोल साठवायची वाटी नसते, पातळ पडदा असतो. पिस्टन वरखाली झाला की खालच्या पेटीत दाब वाढतो-कमी होतो, आणि तोच दाब पडदा हलवून पेट्रोल ओढतो. पंप आहे, पण त्याला पट्टा नाही, वीज नाही. बिघडला तर पडदा बदला. ज्या गोष्टीसाठी हिलबॉर्नला दातेरी चाकांचा पंप लागला, ते काम रबरासारख्या एका चकतीने केलं. त्यापुढे महागडं इंजेक्शन कोण घेणार?

धुराची बाजू

शर्यतीपुरतं इथे संपलं असतं. पण टू-स्ट्रोक इंजिन फक्त शर्यतीत नव्हतं. मी भिवंडीत वाढलो. लहानपणी कल्याण नाक्यावर उभं राहिलं की रिक्षांच्या निळसर धुराने डोळे चुरचुरायचे. बजाजच्या त्या रिक्षेचं इंजिन १४५ सीसीचं टू-स्ट्रोक, म्हणजे कार्टच्या इंजिनाचा सख्खा भाऊ.

धूर यायचा तो या इंजिनाच्या स्वभावातून. टू-स्ट्रोकमध्ये जळलेला वायू बाहेर जात असतानाच ताजं मिश्रण आत येतं. दोन्ही दारं काही क्षण एकदम उघडी असतात, आणि ताज्या पेट्रोलचा मोठा वाटा, वाईट वेळी तिसरा हिस्सासुद्धा, न जळताच बाहेर पडतो. वर वंगणासाठी पेट्रोलमध्ये मिसळलेलं ऑइलही जळतं. रिक्षावाल्याच्या खिशातलं पेट्रोल अक्षरशः आमच्या नाकात जात होतं.

यावरचा उपाय कागदावर सरळ आहे: आत फक्त हवा येऊ द्यायची, आणि बाहेरचं दार बंद झाल्यावर पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये फवारायचं. जर्मनीतल्या गुटब्रोड आणि गोलियाथ या कंपन्यांनी १९५०च्या दशकाच्या सुरुवातीलाच बॉशचा पंप लावून अशा छोट्या टू-स्ट्रोक मोटारी विकल्या. पण पंप महाग होता, आणि छोटी गाडी घेणारा माणूस पैसे वाचवायलाच छोटी गाडी घेतो. त्या मोटारी फार टिकल्या नाहीत.

पुढचा प्रयत्न इटलीतला. बिमोटा कंपनीने १९९७ साली व्ही-ड्यू ही ५०० सीसीची टू-स्ट्रोक बाइक थेट इंजेक्शनसह आणली. ती इतकी बेभरवशाची निघाली की गाड्या परत घ्याव्या लागल्या आणि कंपनी डबघाईला आली. नंतर दुसऱ्या एकाने हक्क विकत घेतले आणि त्याच बाइकवर कार्ब्युरेटर बसवून ती चालती केली. नवीन काढून जुनं बसवण्याचं इतकं महाग उदाहरण मला दुसरं माहीत नाही.

जमलं ते ऑस्ट्रेलियातल्या ऑर्बिटल कंपनीला. राल्फ सारिच यांनी १९७०च्या दशकात एक वेगळ्याच घडणीचं इंजिन काढलं होतं. ते इंजिन बाजारात चाललं नाही, पण कंपनीची पेट्रोल फवारायची पद्धत चालली. पेट्रोल दाबाखालच्या हवेच्या झोतात मिसळून सोडायचं, म्हणजे थेंब फार बारीक होतात आणि मिलिसेकंदाच्या आसपासच्या फटीतही जळण्याजोगे मिसळतात. अमेरिकेतल्या कोलोरॅडो स्टेट विद्यापीठातून निघालेल्या एन्व्हायरोफिट या संस्थेने हेच तंत्र फिलिपिन्समधल्या जुन्या तीनचाकींवर बसवलं. नवं इंजिन नाही, फक्त जोडसाहित्याचा संच: वरचं हेड बदला, कार्ब्युरेटर काढा. पेट्रोल साधारण एक तृतीयांश वाचलं. चालकांना हे पैसे छोट्या कर्जातून उभे करता आले. या कामासाठी टिम बावर यांना २००८चा रोलेक्स पुरस्कार मिळाला.

आपल्याकडे २००७ साली बजाजने ऑर्बिटलचंच तंत्र घेऊन थेट इंजेक्शनची टू-स्ट्रोक रिक्षा बाजारात आणली. म्हणजे हिलबॉर्नच्या जुळणीपासून सुरू झालेली गोष्ट पुणे जिल्ह्यातल्या कंपनीच्या रिक्षेपर्यंत पोचली होती. पण तोवर वाट वळली होती. मुंबईत धुराविरुद्धच्या याचिकेवर उच्च न्यायालयाने १९९९ साली लाल समिती नेमली, आणि पुढे जुन्या टॅक्सी-रिक्षा सीएनजीकडे वळल्या. सीएनजीचा संचही बाहेरून बसवायचाच होता. त्यामागे न्यायालयाचा रेटा होता, आणि गॅस पेट्रोलपेक्षा स्वस्त होता. फरक संध्याकाळच्या हिशेबात दिसायचा.

पाना चालत नाही तेव्हा

त्याच २००७ साली बजाजची पल्सर २२० इंजेक्शनसह आली. २००९ साली तीच गाडी कार्ब्युरेटरसह पुन्हा आली, किंमत कमी आणि ताकद किंचित जास्त. मुलांनी ती डोक्यावर घेतली. भारतात कार्ब्युरेटर जवळजवळ हद्दपार झाला तो १ एप्रिल २०२० पासून, बीएस-६ नियमांमुळे. ग्राहकाने मागितलं म्हणून तो गेला नाही.

मी सॉफ्टवेअरवाला आहे, त्यामुळे या गोष्टीतला एक टप्पा मला जवळचा वाटतो. २००१ साली ब्रूस बाउलिंग आणि अल ग्रिपो यांनी मेगास्क्वर्ट नावाचा इंजेक्शनचा कंट्रोलर काढला. सुटे भाग घ्या, घरी सोल्डर करा, जुन्या गाडीला लावा. आत मुख्य गोष्ट एकच: आठ ओळी, आठ रकान्यांचा तक्ता. एका बाजूला वेग, दुसऱ्या बाजूला हवेचा दाब, चौकटीत आकडा. हिलबॉर्नची सरळ रेषा मोडून तिथे हवं तसं वाकडं वळण काढता येतं. एका सिलिंडरच्या टू-स्ट्रोकमध्ये दाब सारखा थरथरतो, म्हणून दाबाऐवजी थ्रॉटल किती उघडलंय ते वाचावं लागतं. पण कार्टची उसळी अखेर आकड्यांत मांडता येते. १९५६ साली जी गोष्ट नव्हती ती हीच. पंप होता, नोझल होतं, तक्ता नव्हता.

तक्ता आला आणि एक गोष्ट गेली. कार्ब्युरेटर मिस्त्रीला डोळ्यांनी दिसतो. जेट फुंकून साफ करता येतं, स्क्रू पाव फेरा फिरवून कानाने मिश्रण जुळवता येतं. तक्ता उघडायला लॅपटॉप लागतो, आणि कंपनीच्या गाडीत बहुतेकदा परवानगीही.

भिवंडीत याचं महत्त्व वेगळं सांगावं लागत नाही. १ एप्रिल २०१७ रोजी केंद्र सरकारची पॉवरटेक्स इंडिया योजना इथूनच जाहीर झाली. तिचा एक भाग म्हणजे साध्या यंत्रमागाला बाहेरून सुधारणेचा संच बसवायला अनुदान: आडवा धागा तुटला की माग थांबवणारी यंत्रणा, उभ्या धाग्यासाठी तशीच दुसरी. जुना माग भंगारात न घालता त्याला थोडं शहाणं करायचं. इथले माग टिकले ते गल्लीतला मिस्त्री ते खोलू शकतो म्हणून. संचाची परीक्षाही तिथेच आहे: महिन्याने तो बिघडला, तर गल्लीत कुणाला जमतं का?

आता रिक्षा विजेवर चालल्या आहेत आणि जुन्या पेट्रोल गाड्यांना विजेचा संच बसवणारेही पुढे आले आहेत. तो संच किती किलोमीटर देतो, हे जाहिरातीत लिहिलेलं असतं. विकत घेताना त्याबरोबर एवढं विचारा: हा उघडायचा कुणी?