मोसंबी वाळली, नाव पाण्याचं झालं

पैठण, पाचोड, अंबड भागात दर काही वर्षांनी मोसंबीच्या बागांवर जेसीबी फिरतो. २०१२-१३ च्या दुष्काळात टँकरने पाणी घालूनही बागा गेल्या. त्या पाण्यावाचून गेल्या, यात वाद नाही. पण चांगल्या पावसाच्या सालातही काही झाडं शेंड्याकडून वाळत येतात, त्याचं काय? आपण म्हणतो डिंक्या असेल, जस्त कमी पडलं असेल. बऱ्याचदा असतंही तसंच. पण आणखी एक कारण आहे, आणि त्याचा माग पुण्यात लागला होता.

१९६६ च्या सुमारास ऑस्ट्रेलियाच्या शास्त्रज्ञ लिलियन फ्रेझर यांनी भारतातल्या बागा पाहिल्या आणि संत्रा-मोसंबीच्या ऱ्हासामागे 'ग्रीनिंग' रोगही आहे, असं सांगितलं. १९६७ मध्ये कपूर, राव आणि विश्वनाथ यांनी दाखवलं की कोवळ्या नवतीवर बसणारा सायला हा रोग या झाडावरून त्या झाडावर नेतो. सायला जुनाच. पंजाबात हुसेन आणि नाथ यांनी १९२७ लाच त्याच्यावर लिहून ठेवलं होतं.

तेव्हा सगळे याला विषाणू समजायचे. १९७० मध्ये फ्रान्समधल्या संशोधकांना रोगी पानाच्या शिरांत सूक्ष्मदर्शकाखाली वेगळंच काही दिसलं. पुढे तो जीवाणू निघाला. प्रयोगशाळेत वाढवता येत नसल्याने १९९४ पर्यंत त्याला नीट नावही नव्हतं. गंमत बघा, तो ओळखायची सुरुवातीची डीएनए चाचणी ज्या नमुन्यावरून बनली, त्याला जगभर 'पूना स्ट्रेन' म्हणतात!

आणि आपण? झाड मे महिन्यात वाळलं की मगच त्याच्याकडे बघतो. कडक उन्हाळ्यात पानातला जीवाणू कमी होतो, तपासणीत सुटूही शकतो. पावसाळा सरून गारवा आला की लक्षणं उठून दिसतात. पानाच्या मधल्या शिरेच्या दोन्ही बाजू सारख्या पिवळ्या असतील तर बहुधा अन्नद्रव्याची कमतरता. एका बाजूला एक, दुसऱ्या बाजूला भलताच डाग असेल तर संशय घ्यावा. फळ लहान, वाकडं, बुडाशी हिरवं राहतं. पक्की खात्री पीसीआर चाचणीनेच, आणि ती सोय नागपूरच्या लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्थेत आहे.

रोगी झाडाला औषध नाही. फ्लोरिडात २००५ ला हा रोग सापडला, वीस वर्षांत तिथलं संत्र्याचं उत्पादन सुमारे ९० टक्क्यांनी घसरलं.

रोग कलमाच्या डोळ्यातूनही येतो. म्हणजे जूनमध्ये घ्यायच्या कलमाचं मातृवृक्ष त्याआधीच्या हिवाळ्यात तपासलेलं हवं. मी दोन रोपवाटिकांत विचारलं, मातृवृक्ष कधी तपासलं? एकाने कागद काढून दाखवला, त्यावर महिना मे होता. दुसरा म्हणाला, "साहेब, किती कलमं देऊ ते सांगा."