चांदीची साक्ष

रोह्यासमोर, कुंडलिकेच्या दुसऱ्या तीरावर अष्टमी वसले आहे. १६७४ च्या मे महिन्यात ईस्ट इंडिया कंपनीचा वकील हेन्री ऑक्झिंडेन शिवाजी महाराजांच्या राज्याभिषेकासाठी निघाला, तो चौलहून जलमार्गाने अष्टमीस आला व तेथून निजामपूरच्या वाटेने रायगडाकडे गेला. इंग्रजी कागदांत या गावाचे नाव ‘एस्थेमी’ असे उमटले आहे.

वकिलाने नेलेल्या मागण्यांपैकी एक अशी, की कंपनीचे नाणे महाराजांच्या मुलखात चालावे. महाराजांना हे कलम अनावश्यक वाटले. तोटा सोसून नाणे घेण्याची सक्ती रयतेवर करता येत नाही. नाणे इतरांइतके कसाचे व वजनाचे असेल तर त्याला कोणाची मनाई नाही, असा त्यांच्या उत्तराचा आशय होता.

चांदीवर विश्वास कोणाच्या शब्दावर ठेवायचा, हा प्रश्न खुद्द इंग्लंडातही जुनाच होता. तिथल्या श्रीमंत घरांतली ताटे, सुरया, दीपदाने म्हणजे घरातली ठेवच. कारागीर चांदी ऐरणीवर ठोकून, पुन्हा पुन्हा तापवून मऊ करीत भांडे घडवी. त्यावर कुलचिन्ह कोरले जाई. अनेक भांड्यांच्या बुडाशी मात्र वजनाचा आकडा बारीक खरवडलेला दिसतो. गरज पडली की भांडे वितळवायचे, हे गृहीतच होते. फ्रान्सच्या चौदाव्या लुईने १६८९ मध्ये युद्धखर्चासाठी राजवाड्यातले चांदीचे सामान टांकसाळीत धाडले. उलट इंग्लंडात नाणी वितळवून भांडी होऊ लागली, तेव्हा १६९७ मध्ये भांड्यांच्या चांदीचा कस हजारी ९२५ वरून ९५८ पर्यंत वाढवावा लागला. १७२० मध्ये जुना कसही पुन्हा मान्य झाला.

या वितळण्यातून जे वाचले, त्याला आज वारसा म्हणतात. तो वाचता येतो, याचे श्रेय ठशांना आहे. १३०० च्या कायद्याने कसाची निशाणी म्हणून बिबट्याचे तोंड आले, १३६३ मध्ये कारागिराची खूण आणि १४७८ पासून वर्षाचे अक्षर. लबाडीला आळा घालण्यासाठी केलेली ही व्यवस्था पुढे इतिहासाचे साधन ठरली.

आपल्या देवघरातील तबक, पंचपात्री, निरांजन पाहावे. त्यावर नाव असलेच तर ते सहसा देणाऱ्याचे वा घेणाऱ्याचे, घडवणाऱ्याचे नसते. कस सोनाराने कसोटीवर पाहिला, भांडे जुने झाले की मोडीत घातले, त्याच चांदीचे नातवासाठी वाटी-चमचे झाले. धातू पिढ्यान्‌पिढ्या टिकला, हात मात्र विस्मरणात गेले. महाराजांनी नाण्याची परीक्षा कसावर सोपवली, आणि व्यवहाराला ते पुरेसे होते. इतिहासाला तेवढे पुरत नाही. त्याला घडवणाऱ्याचे नावही हवे असते, आणि ते आपण कोरून ठेवले नाही.