असीरगडाचा कडा

बुऱ्हाणपूरच्या माणसाला असीरगड कुणी दाखवावा लागत नाही. खंडव्याच्या रस्त्याला लागले की विसेक किलोमीटरवर तो आपोआप समोर येतो. शाळेच्या सहलीत आपण सगळेच तिथे जाऊन आलो; घरी नागपूर-पुण्याचे पाहुणे आले की त्यांनाही नेऊन आणतो. गाडी आता बरीच वरपर्यंत जाते. दरवाजा, मशीद, महादेवाचे मंदिर, अश्वत्थाम्याची गोष्ट, मग डबे सोडायचे, फोटो काढायचे आणि दिवेलागणीच्या आत परत. आम्हीही इतकी वर्षे असीरगड असाच पाहिला.

गेल्या हिवाळ्यात आम्ही चौघा मित्रांनी ठरवले की या वेळी गाडी गावातच सोडायची, पायी चढायचे आणि आधी कड्याच्या पायथ्याने जमेल तितके फिरायचे. शिदोरीत दशम्या, ठेचा आणि अर्थातच दराबा. साग, सालई, धावडा आणि सीताफळीच्या झुडपांतून वर जाताना पानगळीमुळे सगळा डोंगर उघडा दिसत होता. झाडी संपली आणि समोर काळा कातळ उभा राहिला. मान पूर्ण मागे टाकल्याशिवाय त्याचा माथा दिसेना.

असीरगडाचे खरे बांधकाम इथेच कळते. पायथ्यापासून डोंगर सुमारे ८५० फूट उंच. त्याच्या माथ्याभोवती ८० ते १२० फुटांचा उभा कडा पागोट्यासारखा गुंडाळलेला आहे, आणि आत जेमतेम ६० एकर सपाटी. हा कडा कुणा राजाने बांधलेला नाही. सहा-साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थरावर थर साचून दख्खनचा कातळ झाला. मऊ थर झिजले, कठीण थर कड्यासारखे उभे राहिले. सह्याद्रीतले गड ज्या दगडाचे, त्याच दगडाचा हा सातपुड्यातला गड. आमचे शिक्षण डिप्लोमापुरते आणि नोकरी सरकारी. बांधकामात जोड कुठे आहे ते शोधायची खोड हाताला लागलेली. म्हणून सांगतो, माणसाने इथे केले ते जोडकाम. कडा मुख्यतः दोन जागी तुटतो. नैर्ऋत्येला पायऱ्यांची वाट आहे, तिथे एकामागून एक दरवाजे उभे केले. उत्तरेला एक मोठी घळ थेट गडाच्या पोटात शिरते, तिच्या तोंडावर जाड तट घातला. बाकीचे काम डोंगराने आधीच करून ठेवले होते.

हे एकदा पाहिले की गडाचा इतिहास वेगळा दिसू लागतो. कडा चढून असीरगड कुणी घेतल्याचे वाचायला मिळत नाही. आसा अहिराकडून तो फारुकी नासिरखानाने घेतला तो, फिरिश्ता सांगतो त्याप्रमाणे, डोल्यांत बायकांऐवजी शिपाई बसवून. अकबर १६०० साली स्वतः बुऱ्हाणपुरात येऊन बसला, तरी गड हाती यायला १६०१ चा जानेवारी उजाडला. अबुल फजल गडावरच्या रोगराईचे कारण देतो. जेझुइट पाद्री सोन्याच्या लाचेची गोष्ट सांगतात. काही असो, दगड हरला नाही.

आपल्या घरांशी संबंध येतो तो पुढे. उदगीरच्या लढाईनंतर १७६० मध्ये निजामाने बुऱ्हाणपूर आणि असीरगड पेशव्यांना दिले, आणि पुढे ते शिंद्यांकडे आले. आपल्यातली कित्येक घराणी याच काळात दप्तराच्या, फौजेच्या, पूजाअर्चेच्या निमित्ताने तापीकाठी येऊन राहिली. १८०३ साली असईच्या लढाईनंतर महिन्याभरात कर्नल स्टीव्हन्सनने गड घेतला, पण सुर्जी-अंजनगावच्या तहाने तो शिंद्यांना परत मिळाला.

पेशवाई बुडाली म्हटले की आपल्याला शनिवारवाडा आठवतो आणि त्यावर चढलेले इंग्रजांचे निशाण. पण दुसरा बाजीराव त्यानंतरही महिनोन्‌महिने पळत राहिला आणि शेवटी आपल्याच भागात, असीरगडाजवळ धूळकोटला तळ देऊन बसला. ३ जून १८१८ रोजी तो जॉन माल्कमच्या स्वाधीन झाला. म्हणजे पेशवाईचा शेवटचा दिवस पुण्यात नव्हे, आपल्या अंगणात उजाडला. धूळकोटवरून आम्ही कामानिमित्त किती वेळा गेलो असू. हे कुणी सांगितले नव्हते, आम्हीही कुणाला विचारले नव्हते.

त्यानंतरही गड उभाच होता. नागपूरचे आप्पासाहेब भोसले इंग्रजांच्या कैदेतून निसटून पचमढीच्या महादेव डोंगरांत राहिले आणि १८१९ च्या सुरुवातीला असीरगडावर आले. बरोबर पेंढाऱ्यांचा सरदार चितू होता. किल्लेदार यशवंतराव लाड यांनी आप्पासाहेबांना आत घेतले, चितूला घेतले नाही. तो जंगलात शिरला आणि वाघाने त्याला मारले. आम्ही ज्या झाडीतून चढलो तिच्यात आता मोरांचे ओरडणे तेवढे ऐकू आले.

मार्च १८१९ मध्ये जनरल डव्हटन आणि माल्कम यांच्या फौजांनी गडाला वेढा घातला. पेठ पडली, खालचा कोट पडला. गडकरी बाहेर पडून तुटून पडले, त्या चकमकीत इंग्रजांचा लेफ्टनंट कर्नल फ्रेझर ठार झाला. तोफांनी तटाला भगदाडे पाडली. ९ एप्रिलला यशवंतरावांनी गड खाली केला, तेव्हा कोठारातली दारू जवळजवळ संपली होती. आप्पासाहेब त्याआधीच निसटले होते; ते पुढे १८४० मध्ये जोधपूरला वारले. गडात दौलतराव शिंद्यांचे एक पत्र सापडले. वरकरणी गड सोडायला सांगणाऱ्या दौलतरावांनी आतून तो लढवायला सांगितले होते. त्या पत्राचे निमित्त करून इंग्रजांनी गड स्वतःकडेच ठेवला.

मराठ्यांच्या शेवटच्या युद्धातला हा शेवटचा वेढा. आणि तो लढवणारी सुमारे १,२०० माणसे कोण? बहुतेक अरब, मकराणी आणि सिंधी. हे वाचून आम्ही थोडे वरमलो. 'आपला' गड म्हणताना आम्ही छाती फुगवतो, पण त्या तटावर शेवटी उभे राहिलेल्यांतले फार थोडे आपल्या बोलीचे होते. गडावरच्या कुठल्याही गप्पांत त्यांचे नाव निघत नाही. अश्वत्थामा मात्र तेल मागत रोज येतो म्हणे.

उत्तरेच्या घळीपाशी पोचेपर्यंत दुपार टळली होती. तिथे कातळ कुठे संपतो आणि चुन्याचे काम कुठे सुरू होते, ती रेघ हाताने चाचपून पाहता येते. मधल्या फटींतून पिंपळ रुजला आहे, त्याची मुळे मनगटाएवढी झाली आहेत. खालच्या दगडांतले दोन निसटून घळीत पडलेले दिसले. आमच्यातल्या एकाने सवयीने जागेची मापे वहीत टिपली, दुसऱ्याने फोटो घेतले. ज्या कार्यालयात अर्ज द्यायचा तो गणपती उठले की देऊ. येत्या मार्गशीर्षात पुन्हा याच वाटेने जायचे ठरले आहे. मंडळातल्या मुलांपैकी ज्यांना यायचे असेल त्यांनी बूट चांगले घालावेत. गाडी गावातच सोडायची आहे.