चिनी डूल आणि त्यांतले मणी

आपल्याकडे मूल पाळण्यात असतानाच सोनार कान टोचून जातो. मग त्या भोकांत बाळी, कुडी, डूल, बुगडी असे वयाप्रमाणे काहीना काही येत राहाते. कान टोचावा की न टोचावा, असा प्रश्न आपल्याला कधी पडलाच नाही. चीन देशात मात्र या गोष्टीचा पुष्कळ खल झाला. आपल्या हस्तकलेच्या वर्गात चिनी घाटाचे मण्यांचे डूल करतात, म्हणून ही हकीकत सांगावीशी वाटली.

चीनमधले कानातले फार जुने आहे. उत्तरेकडे शिंगलाँगवा म्हणून एक ठिकाण आहे. तेथे सुमारे ८००० वर्षांपूर्वीच्या थडग्यांत, पुरलेल्या माणसाच्या दोन्ही कानांपाशी हिरवट जेड दगडाची कडी सापडली. कड्याला एका बाजूस बारीक चीर असते, ती कानाच्या पाळीत अडकवावयाची. लोखंड नव्हते त्या काळी इतका कठीण दगड वाळूपाण्याने घासघासून गोल केला! आपल्याला चार मणी ओवताना मान दुखते.

पुढे कन्फ्यूशियसच्या पंथाची शिकवण पसरली. देह, केस, कातडी हे आईबापांचे देणे, त्याला इजा करू नये, असे ते मानीत. मग कान टोचणे बसावयाचे कोठे? इसवी सन २०० च्या सुमारास लिऊ शी नावाच्या पंडिताने ‘शिमिंग’ नावाचा शब्दांचा कोश केला. त्यात तो म्हणतो की कानात मणी घालणे ही मुळात परक्या रानटी लोकांची चाल. त्यांच्या बायका चंचल, सारख्या पळणाऱ्या, म्हणून त्यांच्या कानांना हे वजन बांधले, आणि आता आपले लोकही तेच करू लागले! पंडित मोठा खरा, पण कानातल्या मण्याच्या वजनाने कोणती बाई घरी बसली आहे?

तांग राजवटीच्या चित्रांतील बायकांचे कान बहुतेक मोकळेच दिसतात. सोंग राजवटीत (९६० ते १२७९) पाहावे तर खुद्द राण्यांच्या तसबिरींत कानांत मोती आहेत. नंतर मांचू लोकांचे राज्य आले. त्यांच्या बायका एकेका कानात तीन-तीन कानातली घालीत. शेजारच्या चिनी बायकांचे पाहून त्यांच्याही मुली एकेकच घालू लागल्या. तेव्हा १७७५ साली चिएनलुंग बादशहाने हुकूम काढला की तीन म्हणजे तीनच, एक घालाल तर तुम्ही मांचू नव्हे. एवढ्या मोठ्या राज्याच्या बादशहाला मुलींच्या कानांतली भोके मोजावीशी वाटावीत, याचे मला राहून राहून हसू येते आणि रागही येतो.

आता मण्यांकडे वळू. हुपे प्रांतात १९७८ साली एका सरदाराचे थडगे उकरले. ते सुमारे २४०० वर्षांपूर्वीचे. त्यात काचेचे १७३ मणी निघाले, प्रत्येकावर डोळ्यासारखी वर्तुळे. हे मणी पश्चिमेकडून आलेले. चिनी कारागिरांनी ते पाहिले आणि शिसे व बेरियम घालून आपली निराळीच काच केली.

आपण वापरतो तो निळा नक्षीचा मणी मात्र मिन्याचा. तांब्याच्या पोकळ मण्यावर चपट्या बारीक तारेची वेलबुट्टी बसवितात आणि तारांमधल्या घरांत रंगीत काचेचा लगदा भरून भट्टीत भाजतात. काच वितळून खाली बसते, म्हणून पुन्हा भरावयाचे, पुन्हा भाजावयाचे, मग दगडाने घासून सपाट करावयाचे. चिंगताई बादशहाच्या काळी (१४५० ते १४५७) ही कला नावारूपाला आली, म्हणून तिला त्याचेच नाव आहे. आपल्या मीनाकारीची ही चुलतबहीणच. आपल्याकडे बहुधा धातू कोरून रंग भरतात, तेथे तारेचे कुंपण घालतात.

१९५० च्या सुमारास पेकिंगमधले हे कारखाने बंद पडत आले होते. तेव्हा लिन हुई-यिन या बाई पुढे आल्या. इमारतींचे नकाशे करणाऱ्या, विद्यापीठात शिकविणाऱ्या आणि क्षयाने अंथरुणाला खिळलेल्या. त्यांनी तरुण मुलींना हाताशी धरून जुन्या लेण्यांतली नक्षी नव्याने मांडून दिली. १९५२ साली पेकिंगला शांतता परिषद भरली, तिच्या पाहुण्यांना या नव्या नक्षीच्या वस्तू भेट दिल्या. बाई १९५५ साली वारल्या, कला राहिली.

डूल करताना मोठा मणी एकच घ्यावा, खाली-वर लहान काचमणी पुरे. जड डुलांनी पाळी ओघळते. तार गोल चोचीच्या पकडीने दोन वेढे देऊन बंद करावी. खाली लाल दोऱ्याची गाठ शोभते. लाल रंग तेथे शुभाचा. चिनी अक्षराचे पदक लावावयाचे तर आधी अर्थ विचारून घ्यावा. ‘आनंद’ हे अक्षर जोडून दोनदा लिहिलेले असेल तर ते लग्नाचे असते, बारशाला नेऊ नये.