उघडता येणारा सांधा

काही प्रश्न दिसायला एकदम किरकोळ असतात. घरी जोडलेल्या मोटारीच्या पत्र्यांमधल्या फटी कशाने बुजवायच्या, हा त्यातलाच एक. दुकानात जा, ट्यूब आणा, भरा, संपलं! पण या प्रश्नाला एक शेपूट आहे. फट अशी बुजली पाहिजे की पाणी आत जाणार नाही, आणि उद्या तोच पत्रा काढायची वेळ आली तर तो न फाटता, न वाकता हातात आला पाहिजे. म्हणजे चिकटायलाही हवं आणि सुटायलाही हवं. हे शेपूट धरून मागे मागे गेलं की बराच इतिहास हाती लागतो.

आधी ‘किट कार’ म्हणजे काय ते सांगतो, नाहीतर आमच्या घरची मंडळी इथेच वाचणं सोडतील :) किट कार म्हणजे सुटे भाग विकत घेऊन आपल्या गॅरेजमध्ये आपणच जोडायची गाडी. हा छंद ब्रिटनमध्ये फोफावला तो मुख्यतः एका करामुळे. युद्धकाळात, १९४० साली, तिथे खरेदी कर लागू झाला. पन्नाशीच्या दशकात नव्या मोटारीवर हा कर घाऊक किमतीच्या निम्म्याच्या वर गेला होता. पण तो होता तयार गाडीवर. सुट्या भागांचा ढीग म्हणजे गाडी नव्हे, त्यामुळे त्यावर तो लागत नसे. कॉलिन चॅपमनने १९५७ मध्ये ‘लोटस सेव्हन’ आणली तेव्हा तयार गाडीची किंमत करासकट १,०३६ पौंड होती, आणि तीच सुट्या भागांत ५३६ पौंडांना मिळे. साध्या पगारदार माणसाने काय निवडलं असेल ते सांगायला नकोच.

याबद्दल एक गंमत नेहमी सांगतात. जोडणीची माहितीपुस्तिका सोबत द्यायची नाही असा नियम होता, म्हणून लोटसने गाडी ‘सुटी कशी करावी’ याची पुस्तिका दिली. ती शेवटाकडून सुरुवातीकडे वाचायची, की झाली गाडी तयार! तपशिलात थोडं मीठमसाला असेलही, पण या छंदाचा स्वभाव त्यात नेमका पकडलाय. जी गाडी जोडता येते ती सुटीही करता येते, आणि मालकाला ते माहीत असतं.

आता त्या गाडीच्या अंगाकडे बघू. सेव्हनचा सांगाडा पोलादी नळ्यांचा. त्यावर अ‍ॅल्युमिनियमचे पत्रे रिव्हेटने ठोकलेले. १९६० मध्ये दुसरी आवृत्ती आली तिच्यात नाक आणि चाकांवरचे पंखे फायबरग्लासचे झाले. म्हणजे तीन वेगळ्या स्वभावाची मंडळी एका घरात. तापल्यावर अ‍ॅल्युमिनियम पोलादाच्या जवळजवळ दुप्पट फुगतं. एक मीटर लांबीचा सांधा घ्या आणि तापमानात चाळीस अंशांचा फरक पडला असं धरा. दोघांच्या फुगण्यात सुमारे अर्ध्या मिलिमीटरचा फरक येतो. फटीत भरलेलं जे काही असेल ते रोज एवढं ताणलं जाणार आणि दबलं जाणार.

दुसरी भानगड गंजाची. इंग्लंडात हिवाळ्यात बर्फ वितळावं म्हणून रस्त्यावर मीठ टाकतात. हे खारं पाणी अ‍ॅल्युमिनियम आणि पोलाद यांच्यामध्ये साचलं की तिथे चक्क एक छोटी बॅटरी तयार होते, आणि तिच्यात बळी जातो अ‍ॅल्युमिनियमचा. वरून रंग छान दिसतो, आणि आत पांढरी भुकटी झालेली असते.

हे कोडं मोटारींच्या कितीतरी आधीचं आहे. लाकूड पोखरणाऱ्या समुद्री किड्यांपासून वाचवायला ब्रिटिश आरमाराने १७६१ मध्ये ‘अलार्म’ या जहाजाच्या तळाला तांब्याचा पत्रा ठोकला. खिळे मात्र लोखंडी. दोन वर्षांनी तपासणी झाली तेव्हा बऱ्याच ठिकाणी खिळ्यांची वाट लागली होती. काही खिळे मात्र धडधाकट होते. का? तर तांब्याचे पत्रे तपकिरी कागदात गुंडाळून आले होते, आणि काही जागी तो कागद पत्रा आणि खिळ्याच्या मध्ये तसाच राहून गेला होता. दोन धातूंमध्ये कागदाचा एक पातळ पडदा, बस्स! मला विचाराल तर आपल्या आजच्या प्रश्नाचा खापरपणजोबा हाच कागद. सांध्यातल्या लुकणाचं पहिलं काम चिकटवणं नव्हेच, दोघांना एकमेकांपासून अलग ठेवणं हे आहे.

मग भरायचं काय? जुन्या लोकांकडे जवसाच्या तेलात खडूची भुकटी मळून केलेलं लुकण होतं. खिडकीच्या काचेला ते उत्तम, पण वाळून कडक होतं आणि हलत्या सांध्यात तडकतं. १९२० च्या दशकात अमेरिकेत जोसेफ पॅट्रिकच्या हाती पॉलिसल्फाइड रबर लागलं. वास भयंकर, पण पेट्रोलला दाद न देणारं. पुढे विमानांच्या इंधनटाक्या त्याने बुजवल्या जाऊ लागल्या. १९३७ हे वर्ष तर या धंद्यात सोन्याचंच म्हणायला हवं. जर्मनीत ओटो बायरने पॉलियुरेथेनची वाट दाखवली, आणि अमेरिकेत स्टँडर्ड ऑइलच्या प्रयोगशाळेत स्पार्क्स आणि थॉमस यांनी ब्युटाइल रबर बनवलं.

पॉलियुरेथेन आज मोटारीची पुढची काच चिकटवायला वापरतात. ती काच काढताना तारेने अक्षरशः कापावी लागते. हेच फायबरग्लासच्या पंख्याला लावलं तर काढताना वरचा गुळगुळीत थर सोलून येण्याची भीती. सिलिकोन हे दुसरं लाडकं बाळ. नॉटिंगहॅमच्या किपिंगने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला त्याचा अभ्यास केला, आणि १९४३ मध्ये अमेरिकेत डाऊ कॉर्निंग कंपनी त्याच्यासाठीच निघाली. न्हाणीघरात ते झकास. मोटारीवर मात्र त्याचा अंश राहिला की नवा रंग तिथे बसत नाही, माशाच्या डोळ्यासारखे गोल खड्डे पडतात. शिवाय व्हिनेगरचा वास येणारं जे स्वस्त सिलिकोन असतं, ते सुकताना अ‍ॅसेटिक आम्ल सोडतं. गंज टाळायला लावायचं आणि गंजालाच आवतण द्यायचं!

उरलं ब्युटाइल. सायकलच्या ट्यूबमधली हवा धरून ठेवणारं हेच रबर. त्याची न सुकणारी, मऊ, चिकट पट्टी मिळते; कॅरव्हॅनच्या खिडक्यांना पिढ्यान्‌पिढ्या तीच लावतात. ती कधी कडक होत नाही, सांध्याबरोबर ताणली जाते, पाणी अडवते. पत्रा काढायचा तर बोल्ट सोडवायचे, थोडी ऊब द्यायची आणि हळूहळू ओढत राहायचं. घाई केली तर पत्रा वाकतो. उरलेला चिकटा व्हाइट स्पिरिटने पुसला की जागा पुन्हा स्वच्छ. पट्टीला ताकद नाही हे खरं, पण ताकदीचं काम बोल्टचं आहे, तिने ते का करावं? चाकावरच्या पंख्याला तर बहुधा पट्टीही लागत नाही. फोक्सवॅगन बीटलमध्ये असायची तशी पंखा आणि अंगामधली गोट पुरते.

असो. १ एप्रिल १९७३ ला ब्रिटनमध्ये खरेदी कर जाऊन व्हॅट आला, आणि सुट्या भागांची करसवलत संपली. त्याच वर्षी लोटसने सेव्हनचे हक्क केटरहॅमला दिले. छंद मात्र संपला नाही. केटरहॅम आजही ही गाडी सुट्या भागांत विकते. करासाठी सुरू झालेली गोष्ट आता लोक हौसेनं करतात.

लोटसनं स्वतः काय केलं बघा. १९९६ च्या ‘एलिस’चा सांगाडा त्यांनी अ‍ॅल्युमिनियमच्या पट्ट्या एपॉक्सीने चिकटवून केला. वजन जेमतेम ६८ किलो. हा सांधा कायमचा, तो उघडण्याची अपेक्षाच नाही. पण त्यावरचं फायबरग्लासचं अंग मात्र बोल्टने बसवलेलं. मला यात विरोधाभास वाटत नाही, उलट विवेक वाटतो. जिथे जीव टांगलेला आहे तिथे कायमचं चिकटवा; जिथे दुरुस्ती लागणार आहे तिथे सुटेल असं ठेवा. बिघडतं कुठे, तर या दोघांची गल्लत झाली की.

आणि ती गल्लत आपण रोज बघतो. फोनची बॅटरी मरते, पण फोन उघडता येत नाही, कारण कारखान्यात ती चिकटवून टाकलेली असते. युरोपीय संघाने २०२३ मध्ये नियम केला, की काही अपवाद सोडून उपकरणांतल्या बॅटऱ्या वापरणाऱ्याला स्वतः काढता आल्या पाहिजेत, आणि त्यासाठी फेब्रुवारी २०२७ ही मुदत ठरवली. सेव्हनच्या मालकाला जे बिननियमाचं मिळालं होतं, ते आता कायद्याने मागावं लागतंय.

पत्रा काढायची वेळ बऱ्याचदा पंधरा-वीस वर्षांनी येते. तेव्हा पाना हातात धरणारा माणूस आपण असूच असं नाही. मुलगा असेल, किंवा गाडी विकत घेतलेला कुणी अनोळखी माणूस. सांध्यात काय भरायचं हे ठरवताना त्याचा विचार आजच करावा लागतो. म्हणून ब्युटाइल.

तुमच्या घरात अशी कुठली वस्तू आहे, जी कुणीतरी फार पूर्वी उघडता येईल अशी करून ठेवली आणि म्हणून ती अजून चालते? आठवलं तर नक्की सांगा.