टोपीतला पुठ्ठा आभाळात

१८५६ साली इंग्लंडमध्ये हीली आणि ॲलन या दोघांनी कागदाला चुण्या पाडण्याचं पेटंट घेतलं. त्यांच्या डोळ्यांपुढे ना खोकं होतं, ना विमान. साहेबलोकांच्या उंच टोप्यांना आतून अस्तर हवं होतं, डोक्याला न रुतणारं आणि टोपीचा आकार धरून ठेवणारं. १८७१ मध्ये अमेरिकेत अल्बर्ट जोन्सने हाच चुणीदार कागद बाटल्या आणि कंदिलाच्या काचांभोवती गुंडाळायला काढला. तीन वर्षांनी ऑलिव्हर लाँगने त्या चुण्यांवर सपाट कागद चिकटवला आणि आपल्या ओळखीचा खोक्याचा पुठ्ठा तयार झाला. पन्हाळीसारख्या पोकळ नळ्यांची रांग, वरून-खालून कागद. वजनाच्या मानाने ताठपणा भरपूर. इंजिनीअरिंगची पोरं आज खोकं फाडून रेडिओवर उडणाऱ्या विमानाचा पंख कापतात, तेव्हा कामाला येते ती हीच रचना.

हे झालं या विमानाचं आजोळ. बापाकडचं कूळ सुरू होतं तेही, योगायोगाने, १८७१ मध्येच. त्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये पॅरिसच्या त्विलेरी बागेत आल्फोन्स पेनो या विशीतल्या तरुणाने रबराच्या पिळावर चालणारं एक चिमुकलं विमान उडवलं. वजन १६ ग्रॅम, पंखांचा विस्तार जेमतेम ४५ सेंटिमीटर. ते ११ सेकंद हवेत राहिलं आणि सुमारे ४० मीटर गेलं. महत्त्वाचं म्हणजे ते आपलं आपण सावरत गेलं, कारण पेनोने मागे शेपटीचा छोटा पंख किंचित खालच्या कोनात बसवला होता. पेनोच्याच धर्तीचं एक उडतं खेळणं १८७८ मध्ये मिल्टन राइट यांनी घरी आणलं आणि आपल्या दोन मुलांच्या हाती दिलं. ती मुलं म्हणजे विल्बर आणि ऑर्व्हिल.

पुठ्ठ्याची आणि विमानाची पहिली गाठभेटही राइटांच्या सायकलच्या दुकानातच पडली. १८९९ च्या उन्हाळ्यात विल्बर गिऱ्हाइकाशी बोलता बोलता सायकलच्या ट्यूबचं रिकामं लांबट खोकं हातात पिळत होता. एक टोक एकीकडे, दुसरं दुसरीकडे. पंखही असेच पिळता आले तर विमान डावी-उजवीकडे कलवता येईल, हे त्याच्या तिथे लक्षात आलं. मग भावांनी पाच फुटी पतंग बांधून ती कल्पना तपासून पाहिली. पुठ्ठा स्वतः उडाला नाही, पण विमानाला वळायला शिकवण्यात त्याचा हात आहे!

रेडिओचा धागा निराळा. निकोला टेस्लाने १८९८ मध्ये न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये हौदात एक बोट सोडून ती बिनतारी चालवून दाखवली. बोटीला वजनाची फिकीर नसते, विमानाला असते. म्हणून पुढची पायरी चढायला जवळजवळ चाळीस वर्षं गेली. १९३७ मध्ये मिशिगनमधल्या कालामाझूच्या वॉल्टर आणि विल्यम गुड या जुळ्या भावांनी ‘गफ’ नावाचं रेडिओवरचं विमान उडवलं. त्याचे पंख आठ फुटी होते, कारण काचेच्या व्हॉल्व्हचा रेडिओ आणि त्याच्या बॅटऱ्या हे सगळं ओझं वाहायचं होतं. ते विमान आता स्मिथसोनियन संग्रहालयात आहे.

त्यानंतरची बरीच वर्षं उडवणाऱ्याच्या हाती एकच बटण असे. विमानात रबराच्या पिळावर चालणारी एक खटकी, तिला एस्केपमेंट म्हणत. बटण दाबलं की सुकाणू उजवीकडे, सोडलं की मध्ये. पुन्हा दाबलं की डावीकडे. मागच्या खेपेला कुठे वळलो होतो हे विसरलं, की विमान भलतीकडे गेलंच म्हणून समजा. बोटाने काठी जेवढी हलवावी तेवढंच सुकाणू हलेल, अशी सोय साठच्या दशकात रुळली.

या सगळ्या काळात विमानं बांधली जात ती बाल्साची. हे दक्षिण अमेरिकेतलं, मुख्यतः इक्वाडोरचं लाकूड. पुठ्ठा ढिगाने पडलेला असताना तो कोणी का वापरला नाही? तर त्याची बाल्साशी बरोबरी नव्हती. तेवढ्याच ताकदीला पुठ्ठा जड पडतो, आणि इंजिन, रेडिओ, बॅटरी यांनीच वजनाचा सगळा हिशेब खाल्ला की सांगाड्यासाठी ग्रॅमसुद्धा उरत नाही. त्यामुळे पुठ्ठा थांबला तो स्वतःत काही सुधारणा व्हावी म्हणून नव्हे, बाकीचं सामान हलकं व्हावं म्हणून.

ते हलकं होण्याची गोष्ट संथ आहे, आणि मग एकदम वेगवान. १९५७ मध्ये इंग्लंडमध्ये कर्नल टॅपलिन यांनी विजेवर रेडिओ विमान उडवलं, पण तेव्हाच्या बॅटऱ्यांत जीव नव्हता. खरा फरक पडला २००० नंतर. मोबाइलच्या लाटेने लिथियम पॉलिमर बॅटरी स्वस्त केली. हौशी लोकांनी मोडक्या सीडी ड्राइव्हच्या मोटरी काढून, तांब्याची तार नव्याने गुंडाळून घरच्या घरी ब्रशलेस मोटरी बनवल्या. पाठोपाठ तशा मोटरी कारखान्यांतून येऊ लागल्या. सुकाणू हलवणारी नऊ ग्रॅमची सर्व्हो मोटर आली. २.४ गिगाहर्ट्झचे रिमोट आले आणि फ्रिक्वेन्सीची भांडणं मिटली. त्याआधी एकाच चॅनलवर दोघांनी रिमोट लावले, तर वरचं विमान हमखास खाली यायचं. आता अख्खा वर्ग एका मैदानावर उडवू शकतो. शिकवण्याच्या दृष्टीने ही गोष्ट मोटरीइतकीच मोलाची.

पुठ्ठ्याचं पाखरू मग मोकळं झालं. त्याची चुलत बहीणही मैदानात उतरली: दोन कागदांमध्ये फोम असलेला फोमबोर्ड, जो मोन्सँटो कंपनीने १९५७ मध्ये बाजारात आणला होता. ओहायोतल्या ‘फ्लाइट टेस्ट’ या मंडळींनी गेल्या दशकात त्याचे नकाशे फुकट वाटले आणि एक नामी युक्ती रुजवली. मोटर एका सुट्या डबीत बसवायची आणि ती डबी या विमानातून त्या विमानात घालायची. अंग दहा, हृदय एक.

प्रत्यक्ष बांधणीत पहिला धडा नळ्यांच्या दिशेचा असतो. खोकं थ्री-प्लाय घ्यायचं. फ्रिजचं फाइव्ह-प्लाय किंवा सेव्हन-प्लाय मजबूत, पण जड. नळ्या पंखाच्या लांबीला समांतर ठेवायच्या, म्हणजे पंख लवत नाही आणि पुढच्या कडेला नळीबरोबर छान गोलाई येते. उलट कापला, तर पहिल्याच वळणावर मधोमध मुडपतो. हलत्या पट्टीसाठी वरचा कागद आणि चुण्या कटरने कापायच्या, खालचा कागद शाबूत ठेवायचा. झाली बिजागरी. तिच्या काठाला तिरका छेद दिला नाही तर पट्टी वर वळतच नाही, आणि हे प्रत्येक बॅचला विमान तयार झाल्यावरच कळतं. जोडायला ग्लू गन, पंख धडाला धरून ठेवायला बांबूच्या काड्या आणि रबरबँड. धडकेत रबरबँड सुटतो, पंख निखळतो, तुटत नाही. शेवटी दोन बोटांवर पंख तोलून बॅटरी पुढे-मागे सरकवायची. नाक जड असलेलं विमान वाईट उडतं, शेपूट जड असलेलं एकदाच उडतं, ही या छंदातली जुनी म्हण.

पुठ्ठा किती पेलतो याची परीक्षाही झाली आहे. २०१२ च्या मार्चमध्ये ॲरिझोनात पिमा संग्रहालयाने एका बारा वर्षांच्या मुलाच्या कागदी विमानावरून ४५ फुटी पुठ्ठ्याचं विमान बांधलं आणि हेलिकॉप्टरने सुमारे २,७०० फुटांवर नेऊन सोडलं. काही सेकंद ते झकास तरंगलं, मग शेपटी मोडली. २०२३ पासून युक्रेनच्या लढाईत ऑस्ट्रेलियाच्या सायपॅक कंपनीचं ‘कॉर्व्हो’ दिसू लागलं. मेण लावलेल्या पुठ्ठ्याचं हे विमान सपाट खोक्यात घडी होऊन येतं; जोडायला डिंक, टेप, रबरबँड. वर्गातल्या युक्त्या युद्धाने जशाच्या तशा उचलल्या, हे शिकवणाऱ्याला बोचावं असंच आहे.

आपल्याकडे एनसीसीच्या एअर विंगमध्ये एरोमॉडेलिंग पूर्वीपासून आहे. बोइंगने आयआयटींच्या साथीने देशपातळीवरची स्पर्धा सुरू केल्यावर कॉलेजांत तिची चढाओढही आली. पुण्यात बुधवार पेठ आणि मुंबईत लॅमिंग्टन रोड इथे पोरांची यादी साधारण ठरलेली असते: ए-२२१२ मोटर, मोटरचा वेग सांभाळणारा तीस ॲम्पियरचा ईएससी, थ्री-सेल बॅटरी, दोन-चार सर्व्हो. खर्च होतो तो यावर. म्हणून चार-पाच जणांत वर्गणी निघते. पुठ्ठा वाण्याकडून फुकट मिळतो. फक्त त्याला दव आणि पाऊस चालत नाही, तेव्हा वरून ब्राउन टेप फिरवायची आणि उडवायचं काम दिवाळीनंतरच काढायचं. वर्षअखेरीला अंग रद्दीत जातं, मोटर-सर्व्होचा डबा पुढच्या बॅचच्या हवाली होतो.